शेवटच्या खेपेचा फेटा

निरवांगीच्या रेश्मानं अख्ख्या गावाला तंबी दिली होती. कॅमेरा चालू असताना कुणी मधे यायचं नाही, बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. गावानं माना डोलावल्या. आपलं गाव माना फार छान डोलावतं हे रेश्माला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तिचा जीव टांगणीला लागला होता.

तिच्या शेजारी लिगाया उभी होती, फिलिपिन्सची दिग्दर्शिका. पुण्यात एका शिबिरात दोघींची गाठ पडली आणि रेश्मा तिची सहायक झाली. लिगायाच्या बेटावरही जिकडं बघावं तिकडं ऊसच, पण सगळा बड्या मालकांचा. तिचे आईबाप जन्मभर त्या मालकांच्या रानात राबले. त्यावर तिनं दोन सिनेमे केले. परदेशात वाहवा झाली. तिच्या गावच्या थिएटरवाल्यानं मात्र मालकांच्या धाकानं पहिला एका दिवसात उतरवला आणि दुसरा लावलाच नाही.

"माझ्या माणसांनी माझा सिनेमा बघितलाच नाही," ती रेश्माला म्हणाली होती. "हाही त्यांच्यापर्यंत पोचला नाही, तर मी कॅमेरा खाली ठेवणार."

हा तिसरा सिनेमा तिच्या आईवर, नेनावर होता आणि त्यात कामही नेनाच करत होती. म्हातारी नेना दुसऱ्या देशातला ऊस बघायला येते, जिथं कारखान्याचे सभासद शेतकरीच असतात, एवढीच गोष्ट. शेवटचं दृश्य असं होतं : उसाची शेवटची ट्रॉली निघून जाते आणि मोकळ्या रानात म्हातारी एकटी उरते. ते एकदाच घेता येणार होतं. शिवारात फक्त गेणबातात्यांचा ऊस उभा होता आणि कारखान्याचा हंगाम त्याच दिवशी संपत होता.

कॅमेरा सुरू झाला. हंगामातली शेवटची खेप आमच्याकडं वाजतगाजत जाते, तशी तीही सजली होती. ट्रॅक्टरला हार, ट्रॉलीला फुगे, पुढं हलगी. एवढं लिगायाला चालणार होतं. ट्रॅक्टर हलला, थोडा पुढं सरकला आणि थांबला. ट्रॉलीमागून गेणबातात्या आले, काखेत निमगाव केतकीच्या बाजारातून आणलेला केशरी फेटा. मागं नारळ घेऊन त्यांची बायको शकुबाई. दोघं सरळ कॅमेऱ्यासमोर!

रेश्मा ओरडली, "तात्या, बाजूला व्हा! कॅमेरा चालू हाय!"

"आगं, आमी कुठं मधी येतुय?" तात्या कॅमेऱ्याकडं तोंड करून म्हणाले. "पाव्हणी रानात हुबी आन् शेवटची खेप तिला फेटा बांधल्याबिगर जायाची? गावाची अब्रू जाईल की! बांधतो आन् लगीच जातो."

रेश्मा धावत निघाली. तेवढ्यात लिगायानं तिचं मनगट घट्ट धरलं. "थांब. चालू दे."

नेना गोंधळून गेली होती. तात्यांनी फेटा बांधला, शेमला नीट पाठीवर सोडला. शकुबाईनं गुलाल लावला, हातात नारळ दिला. म्हातारीला शब्द एकही कळला नाही, पण हे आपल्यासाठी चाललंय हे कळलं. तिनं फेटा चाचपला. मग वाकून वाकून पोक आलेली ती बाई हळूहळू ताठ उभी राहिली आणि हसली. लिगाया ढसाढसा रडत होती. रेश्मालाही रडू आवरेना.

"झालं आमचं," तात्या म्हणाले. "आता घ्या तुमचं काय ते."

घ्यायचं काहीच उरलं नव्हतं. एकटेपणाचा शेवट लिगायानं तिथंच सोडून दिला आणि फेट्याचा ठेवला. त्या शेवटासकट सिनेमानं मोठ्या महोत्सवात पहिलं बक्षीस मारलं. बातमी बेटावर पोचली. उसातली माणसं थिएटरच्या दारात जमली, आमची नेना आम्हाला दाखवा म्हणून हटून बसली. थिएटरवाल्यापुढं दुसरा इलाजच राहिला नाही.

पहिल्या खेळाला लिगायानं रेश्माला व्हिडिओ कॉल लावला. तात्यांच्या ओट्यावर गाव जमलं. मोबाईलमध्ये थिएटर गच्च भरलेलं, पुढच्या रांगेत केशरी फेटा बांधून नेना. तिच्या मागं बसलेला एक जाडजूड माणूस पुढं वाकून काहीतरी बोलला. नेना वळली, एकच वाक्य म्हणाली आणि थिएटर टाळ्या-शिट्ट्यांनी दणाणलं.

"काय म्हणली गं?" शकुबाईनं विचारलं.

लिगाया हसत-रडत सांगत गेली, तसं रेश्मानं सांगितलं. "मागं बसलेला तो तिचा मालक हाय. म्हणाला, फेटा काढ, मला पडदा दिसंना. ती म्हणाली, जन्मभर तुमच्या रानात मी वाकले, मालक. आज तुमी जरा वाका."

ओट्यावर एकच जल्लोष झाला. तात्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि एकदम कपाळावर हात मारला.

"आरं तिच्या! आईला बांधला, पर सिनेमा जिनं काढला त्या पोरीला फेटा बांधायचा राह्यलाच की! रेश्मा, तिला म्हणावं, पुढच्या हंगामाला ये. शेवटची खेप तू आल्याबिगर हलायची न्हाय."