भस्माच्या दोन वाट्या

वेशीत पाय ठेवायला जागा नव्हती. भालकीहून येणारी बैलगाडी असो की हुलसूरहून चालत आलेला पाहुणा, गावात शिरायचं तर आधी भस्मअज्जापुढं कपाळ न्यावं लागे. सोलापूरकडं देवीची साथ पेटली होती, म्हणून गावानं वेस बांधली होती. कडुलिंबाचं तोरण लावलं, एकच वाट उघडी ठेवली आणि त्या वाटेवर ह्या महाराजांना बसवलं. ते कुठल्या मठाचे, कुणाचे शिष्य, हे कुणी विचारलं नाही. मी विचारलं, तर लोक माझ्याकडंच वाकडं बघायला लागले.

अज्जाची रीत साधी होती. ओलं भस्म बोटानं कपाळावर ओढायचं आणि डोळे मिटून पुटपुटायचं. पट्टा ओला राहिला तर अंग थंड, माणूस शुद्ध, आत जा. बघता बघता वाळून पांढरा पडला तर आत देवीआईची आग आहे, माघारी फिर. "डाक्टरची ताप बघायची काच खोटं बोलंल, भस्म बोलत न्हाई," असं ते दर चौथ्या कपाळाला सांगत. वर थोडं कानडी, थोडं उर्दू आणि बरंचसं कुठलीच भाषा नसलेलं काहीतरी. लोक हात जोडून ऐकत. तेच एक बोट सकाळपासून साऱ्या गावाच्या घामट कपाळांवरून फिरत होतं, ते एकदाही धुतलं गेलं नाही. ह्याला म्हणे बंदोबस्त!

मी तिथला शाळामास्तर, नरसिंह. शाळा वेशीलगत, त्यामुळं हा तमाशा मला रोज फुकट बघायला मिळे. एक गंमत माझ्या लवकरच ध्यानात आली. ज्याच्या पिशवीत गूळ-शेंगा असत त्याचं अंग थंड निघे आणि रिकाम्या हाताचा हमखास गरम.

माझ्या शेजारी बसवंतप्पांचं घर. गावात त्यांचा शब्द शेवटचा, आणि अज्जाशेजारी साक्षीला तेच बसायचे. त्यांची सून निलम्मा, तिचं पोर अजून रांगत होतं. तिला बाजारच्या दिवशी भालकीला जाऊन पोराला देवी टोचून घ्यायची होती. मी तिला तसं सांगितलंही होतं. पण अप्पा म्हणाले, वेशीत अज्जा बसलेत, आजार आत येतो कुठून? उगीच लेकराच्या दंडाला कामून भोकं पाडायची? निलम्मानं ऐकलं. सासऱ्यावर तिचा फार विश्वास होता. तिचे वडील ती लहान असतानाच गेले, आणि ती अप्पांनाच बाप मानायची.

आणि एका दुपारी तिचा नवरा सिद्धराम सोलापूरच्या गिरणीतून परत आला. डोक्यावर ऊन आग ओकत होतं आणि हा घोंगडी लपेटून कुडकुडत होता. अज्जानं अप्पांकडं बघितलं. अप्पांनी हळूच मान हलवली. भस्म लागलं, आणि ते ओलंच राहिलं. "शुद्ध!" अज्जा ओरडले. त्याच्यामागं विरुपाक्ष कासार होता, धडधाकट, हातात नुसती बांगड्यांची माळ. त्याचा पट्टा क्षणात वाळला आणि लोकांनी त्याला हाकलून दिलं.

मी सिद्धरामच्या खांद्याला हात लावला, तर चटका बसला. मी अप्पांना बाजूला घेऊन सांगितलं, की सिद्धरामला दोन-तीन आठवडे मळ्यातल्या खोपीत वेगळं ठेवा, निलम्मा आणि लेकराला त्याच्याजवळ जाऊ देऊ नका. अप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "मास्तर, तुम्ही पोरांना पाढे शिकवा." मी भालकीला धावलो. गुंडेराव डॉक्टर साथीच्या गावांत फिरतीवर गेले होते. ते हाती लागेपर्यंत दोन बाजार उलटून गेले. तोवर सिद्धरामच्या अंगभर फोड उठले होते. घराला लिंबाचे डहाळे लागले, "आई आलीय" एवढंच बोललं गेलं, आणि त्याच्या अंथरुणाशेजारी लेकरू खेळत राहिलं.

डॉक्टर आले ते थेट वेशीत. आधी त्यांनी साबणानं हात धुतले, मग थर्मामीटर काढला. अज्जानं नुकतंच ज्याला "आग" म्हणून हाकललं होतं त्याच्या तोंडात तो ठेवला. ताप मुळीच नव्हता. थर्मामीटर औषधाच्या पाण्यात बुडवून, पुसून ते दुसऱ्याकडं वळले. लोक कुजबुजू लागले. माझं लक्ष मात्र अज्जाच्या मांडीआडच्या दोन वाट्यांवर होतं. मी वाकून दोन्ही उचलल्या आणि वेशीच्या सावलीतल्या गार दगडावर दोन पट्टे ओढले. उजव्या वाटीतला बघता बघता वाळला. डाव्या वाटीतला तसाच चकाकत राहिला.

"ह्या दगडाला ताप आलाय का?" मी विचारलं.

डॉक्टरांनी वास घेतला. उजव्या वाटीत स्टो पेटवायचं स्पिरिट होतं, वास लपावा म्हणून कापूर चुरलेला. स्पिरिट कुठंही लावा, पटकन उडून जातं. डाव्या वाटीत पाण्यात एरंडेल कालवलेलं, ते वाळतच नाही. कपाळाचा ह्यात काही संबंधच नव्हता. लोक अज्जाच्या अंगावर धावले तसा तो हात जोडून ओरडला, "मलाच कामून मारायलाव? दोन वाट्या अप्पांना पहिल्यापासून ठाव हाईत. पोराला डावीतलं लाव म्हणून त्यांनीच सांगितलं!"

बसवंतप्पा खाली बघत राहिले. निलम्मा गर्दीत उभी होती, लेकरू कडेवर, मान टाकलेलं. डॉक्टरांनी त्याच्या काखेत थर्मामीटर लावला, तर पारा वर चढलेला. आता टोचून उपयोग नव्हता.

"अप्पा," निलम्मा म्हणाली, "तुमच्या पोराला आत घेतलाव, बरं केलाव. मला निस्तं तेवढं सांगायला पाहिजे होतं. मी लेकराला घेऊन माहेरी गेले असते."

सिद्धराम वाचला, तोंडावर वण घेऊन. लेकरू गेलं. अज्जा त्याच संध्याकाळी पळाला आणि सारं गाव त्याला शिव्या घालत बसलं. मला मात्र त्याचा तेवढा राग आला नाही, तो तर ठकच होता. ज्यांच्या शब्दावर गाव वेशीत निर्धास्त झोपलं, त्यांनीच ठकाला खूण केली, ह्याची चीड अजून माझ्या मनातून जात नाही.

तेव्हा बाबांनो, भस्मानं ताप कळत नाही. थर्मामीटरनं कळतो, पण तोही पुरा पडत नाही. देवी अंगात शिरते आणि कितीतरी दिवस ताप येतच नाही. कधी फोड उठताना ताप उतरतो, पण आजार पसरतच असतो. म्हणून नुसतं वेशीत कपाळ बघून साथ थांबत नाही. साथीच्या गावाहून आलेला माणूस धडधाकट दिसला तरी काही दिवस वेगळा ठेवा. आजाऱ्याचे कपडे उकळा, त्याला हात लावला की साबणानं धुवा, आणि लेकरांना वेळेत टोचून घ्या. आणि आपल्याच घरात ताप आला, तर लाजू नका, भिऊ नका, आधी घरच्यांना सांगा. निलम्माला कुणी सांगितलं नव्हतं.