डिंकबाईचा खांब

ऑफिसात मला डिंकबाई म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं 'बाई'. आमचे साहेब इमारतींचे सांगाडे आखतात. कुठल्या तुळईत किती सळया, कुठला खांब किती जाड. मी त्यांचे नकाशे काढते. रीतसर कुठे शिकले नाही. वीस वर्षं तुळया काढता काढता त्या कळायला लागल्या, शेजारीण कळते तशा.

माझं दुसरं काम नियमांच्या पुस्तकाचं. बांधकामाचे नियम सारखे बदलतात आणि ते बदल छापील पट्ट्यांवर येतात. त्या कापून जुन्या कलमावर चिकटवायच्या, पण डिंक फक्त वरच्या कडेला. साहेबांची सक्त ताकीद आहे. "आपण काल काय खरं मानत होतो ते उचलून बघता आलं पाहिजे, बाई." त्यामुळे काही कलमांवर चार-चार पट्ट्या चढल्यात आणि पुस्तक फुगून उशीएवढं झालंय. सगळ्यात वरची पट्टी ती आजची, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

त्या गुरुवारी नवा गठ्ठा आला. चिकटवायला म्हणून पान उघडलं, तर त्यावरची नाचाच्या हॉलची पट्टी जरा सुटलेली. सहज उचलली. खालच्या पट्टीवरची तारीख वरचीपेक्षा नवी होती.

मी मटकन खाली बसले. बसलेलीच होते, तरी पुन्हा बसले.

दोन्ही पट्ट्या एकाच पाकिटातून आल्या असणार आणि मी आधी नवी चिकटवून तिच्यावर जुनी डकवली. जुनी म्हणत होती, नाचाचा हॉल साध्या सभागृहासारखा धरा. नवी म्हणत होती, भार जास्त धरा, शिवाय तालात पडणाऱ्या पावलांनी जमीन किती हलते तेही तपासा. या काळात साहेबांनी नाचाचा हॉल आखला होता एकच, माझ्या नणंदेचा. आमच्याच घरावर, एका लांब लोखंडी गर्डरवर बसलेला, बरोबर माझ्या स्वयंपाकघराच्या डोक्यावर. फरश्या बसल्या होत्या, आरसे लागले होते, सोमवारी एकोणीस मुली येणार होत्या. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या हॉलमधल्या खुर्च्या सरकवून वर्ग घेतले होते बिचारीने.

खरं सांगते, पट्टी दाबून पुन्हा बसवावी असं मनात आलं. डिंकाची बाटली हातातच होती. पण मग अडतीस पाय डोळ्यांसमोर आले.

पुस्तक साहेबांपुढे नेऊन ठेवलं. त्यांनी पट्टी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली.

"कधीपासून?"

"पावणेदोन वर्षं."

"हं." त्यांनी चष्मा पुसला. "आणि तारीख मीही बघितली नाही. चला, तुमच्या घरी जाऊ."

हॉलच्या मधोमध त्यांनी पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि विचारलं, "घरातलं सगळ्यात वजनदार माणूस कोण?"

नणंदेने आणि मी छताकडे पाहिलं आणि आमच्या ह्यांना हाक मारली.

"चवड्यांवर उभे राहा," साहेब म्हणाले. "आता टाचा एकदम सोडा."

ह्यांनी सोडल्या. पाणी सांडलं नाही, पण बराच वेळ थरथरत राहिलं. खालून सासूबाई ओरडल्या, "कपाटातले कप वाजतायत गं. कोण पडलं?"

"कुणी नाही, आई," हे म्हणाले. "मी उभा आहे."

साहेब नणंदेकडे वळले. "एकोणीस जणी आपापल्या चालीने फिरल्या तर काही नाही. पण सगळ्यांनी एकाच ठेक्यावर पाय टाकला की गर्डरही त्यांच्याबरोबर नाचायला लागतो. तसं चालणार नाही."

नणंद आरशातून माझ्याकडे बघत होती. "वहिनी, काय झालंय ते नीट सांग."

मी सगळं सांगितलं. ती हसली नाही. "म्हणजे माझा वर्ग तू डिंक लावून खाली दाबलास," म्हणाली, आणि मुलींच्या आयांना फोन करायला निघून गेली.

साहेबांनी कागदावर आकडेमोड केली. गर्डरच्या मध्याखाली एक खांब दिला की काम भागत होतं. मग त्यांनी स्वयंपाकघरात ओळंबा सोडला. टोक हलत हलत थांबलं ते शेगडी आणि मोरी यांच्या बरोबर मधे, जिथे मी दिवसातून चाळीसदा वळते.

"इथे?"

"इथेच."

"ओट्याशी जायला आता प्रदक्षिणा घालायची का?" सासूबाईंनी विचारलं.

"दुसरा उपाय आहे," साहेब म्हणाले. "गर्डरच बदलायचा. पण मग वरची फरशी फोडावी लागेल, आरसे उतरवावे लागतील. तीन-चार महिने."

नणंद दारात उभी होती, फोन हातात. ती वर छताकडे बघत होती. तिचं ते बघणं मी वीस वर्षं ओळखते.

"खांब टाका," मी म्हणाले.

"बघ हं," सासूबाई म्हणाल्या. "नंतर माझ्यावर चिडचिड करायची नाही."

पाया खणला, काँक्रीट मुरलं, खांब उभा राहिला. महिना गेला. ह्यांनी पुन्हा टाचा सोडल्या. पाणी एकदा शहारलं आणि गप्प झालं. एकोणीसपैकी सतरा मुली आल्या. पहिल्या दिवशी वर ठेका सुरू झाला तेव्हा मी दूध तापवत होते, आणि कप ऐकत होते. वाजले नाहीत. वळले तशी खांद्याला खांबाची धडक बसली, ती त्या आठवड्यातली अकरावी.

संध्याकाळी नणंद खाली आली. खांबावर तिने वर्गाच्या नव्या तारखा-वेळांचा कागद लावला आणि चहा प्यायला बसली.

सवयीने मी कागद उचलला. खाली जुनी पत्रिका होती, त्या हुकलेल्या सोमवारी सुरू होणाऱ्या वर्गाची. डिंक फक्त वरच्या कडेला. मी दोन्ही तारखा वाचल्या. क्रम बरोबर होता.

"बघितलंस?" ती म्हणाली. "आता साखर दे. आणि इकडून ये, तिकडून खांब आहे."