आठ पायांचा घोडा

ठकी दुपारची झोपली, की तिच्या आईचा खरा दिवस सुरू व्हायचा. दाराला कडी, खाली जुनी चादर, अंगठ्याला चिकटपट्टी आणि मग सुरी. उडालेली प्रत्येक ढलपी चादरीवरच पडते ना, याकडे तिचं अर्धं लक्ष असे. कारण दीड वर्षाची ठकी जमिनीवर सापडलेली वस्तू आधी तोंडात घालायची आणि ती काय आहे याचा विचार नंतर करायची. काम आटोपलं की सुरी म्यानात, म्यान डब्यात, डबा कपाटात आणि कपाटाची किल्ली गळ्यात. नवरा म्हणायचा, एवढा बंदोबस्त बँकेतसुद्धा नसतो.

कोरायची ती देव. उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्राकाठच्या लोकांचे जुने देव, कॉलेजात असताना वाचलेले आणि तेव्हापासून डोक्यात ठाण मांडून बसलेले. त्या देवांमध्ये धड असा सापडणं कठीण. ओडिनने शहाणपणाच्या एका घोटासाठी आपला डोळा विहिरीला देऊन टाकलेला. टीरने लांडग्याला विश्वास वाटावा म्हणून त्याच्या जबड्यात हात ठेवलेला, आणि लांडग्याला बांधून होईतो तो हात गेलेला. ओडिनच्या घोड्याचं उलटं, त्याला चारऐवजी आठ पाय. बाळंतपणानंतर ही सगळी मंडळी तिला फारच जवळची वाटू लागली होती.

पटावरच्या खेळांचं दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांनी तिने केलेला लांडगा कुठेतरी पाहिला होता. त्यांना याच देवांच्या सोंगट्यांचा संच हवा होता. शनिवारी नमुने आणा, पसंत पडले तर वर्षभराचं काम तुमचं, असं ते म्हणाले होते. घरी बसून, ठकीला डोळ्यांसमोर ठेवून करता येईल असं काम. हे नाही जमलं तर तिने मुकाट्याने जुन्या ऑफिसात परत जायचं आणि ठकीला पाळणाघरात ठेवायचं, असं नवऱ्याशी ठरलं होतं. ते पाळणाघर ती बघून आली होती. तिथल्या गॅलरीच्या गजांमधून मुलाचं डोकं सहज बाहेर जाईल एवढी फट होती. तिने टेप लावून पाहिलं होतं, आणि तिथल्या बाई तिच्याकडे बघतच राहिल्या होत्या.

शुक्रवारी संध्याकाळी घोड्यावरून शेवटचा हात फिरवला आणि ठकी कण्हत उठली. अंग तव्यासारखं तापलेलं. नवरा कामावरून यायचा होता. तिने ठकीला खांद्यावर टाकलं, सुरी तेवढी कपाटात कोंबली आणि चप्पल शोधता शोधता सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, मी हिला डॉक्टरकडे नेते. टेबलावरचं तेवढं बघाल ना?"

"बघतो की," सासरे म्हणाले. "तू नीघ."

सासऱ्यांची सगळी नोकरी फर्निचरच्या कारखान्यात नग तपासण्यात गेली होती. खुर्ची डुगडुगते का, खणाला फट आहे का, पॉलिशचा ओघळ राहिलाय का. हाताखालचे लोक त्यांना पाठीमागे 'भिंग' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं, आवडतही होतं. निवृत्त होताना हत्यारांची पेटी त्यांनी घरी आणली होती, पण बघायला काही उरलं नव्हतं. घरातल्या बिजागऱ्या संपल्या, मग शेजाऱ्यांच्या झाल्या. सुनेने आजवर आपली कोरीव कामं त्यांच्यापासून जरा लांबच ठेवली होती. आज तिने स्वतःहून बघा म्हटलं होतं.

दवाखान्यातल्या रांगेतून सुटून ती रात्री उशिरा परतली तेव्हा टेबल लख्ख पुसलेलं होतं. सोंगट्या कापसात गुंडाळून खोक्यात भरलेल्या, वर सुतळीची घट्ट गाठ. तिला भरून आलं. रात्र ठकीच्या कपाळावर पट्ट्या ठेवण्यात गेली. सकाळी ताप उतरला, नवरा घरी थांबला आणि ती खोकं घेऊन निघाली. सासरे दारापर्यंत आले. निर्धास्त जा, म्हणाले, आता नाव ठेवायला जागा नाही.

दुकानात काचेच्या टेबलावर तिने पहिला कापूस उलगडला. घोडा निघाला. चार पायांचा. पोटाखालची जागा काचकागदाने घासून इतकी गुळगुळीत केलेली की तिथे कधी काही होतं असं सांगूनही खरं वाटू नये. तिने घाईघाईने पुढचा कापूस सोडला. ओडिनला दुसरा डोळा आला होता, पहिल्याच्या अगदी रेषेत. टीरच्या मनगटाला बारीक खुंटी मारून नवा हात बसवलेला, पाची बोटांसकट. सांधा शोधूनही दिसत नव्हता.

दुकानदारांनी घोडा उचलून फिरवून पाहिला. काम स्वच्छ आहे, म्हणाले. पण हा तर कुठलाही घोडा झाला. आणि हा म्हातारा, हा शिपाई, हे कोण? तिने सांगायचा प्रयत्न केला की कालपर्यंत याला आठ पाय होते, घरातल्या मोठ्यांनी दुरुस्त केला. बोलता बोलता तिचं तिलाच ते गृहपाठ विसरलेल्या मुलीच्या सबबीसारखं ऐकू आलं. ते समजुतीने हसले. लहान मूल आहे ना घरी, होतं असं, म्हणाले. दुसऱ्या एका कारागिराचे नमुने आधीच येऊन पडले होते. त्यातला घोडा कपाटात दिसत होता, आठही पायांवर उभा.

घरी सासरे वाट बघत होते. पायऱ्यांवर पाऊल वाजताच त्यांनी दार उघडलं आणि घोडा पाहून काय म्हणाले, असं विचारलं.

"नाही घेतलं," ती म्हणाली.

मग त्यांनी तिची समजूत घातली. जेवढं सावरता आलं तेवढं सावरलं मी, पण मूळ नगातच दोष असला की वरून किती करणार. पुढच्या वेळी आधीच दाखवत जा.

"तो दोष नव्हता, बाबा. त्या घोड्याला आठच पाय असतात."

"घोड्याला?" ते हसले. हसता हसता त्यांनी मुलाकडे पाहिलं, आणि तो हसत नाही हे पाहून थांबले.

"त्या देवाला एकच डोळा असतो. दुसऱ्याला हात नसतो. वर्षभराचं काम होतं ते. तुम्ही घालवलंत."

"तूच म्हणालीस ना, बघा म्हणून."

"ठकीचा हात लागू नये, एवढंच बघायचं होतं."

खोक्याची सुतळी सासऱ्यांनी बोटाला गुंडाळून नीट लडी केली, टेबलावर ठेवली आणि आपल्या खोलीत जाऊन आतून कडी लावली.

"झालं समाधान?" नवऱ्याने विचारलं. "किती दिवसांनी माणूस जरा खुशीत होता." मग ठकीला तिच्याकडे देत तो म्हणाला की सोमवारी पाळणाघरात जाऊन नाव घालून येऊ.

जेवायची वेळ झाली. तिने ताटं वाढली. सासऱ्यांच्या ताटातली वाफ विरून गेली तरी दार उघडलं नाही. तू बोललीस, तूच बोलाव, नवरा ताटावरून मान वर न करता म्हणाला.

ठकीला कडेवर घेऊन ती बंद दाराशी जाऊन उभी राहिली.

"चुकलं माझं, बाबा," ती म्हणाली. "मी नीट सांगायला हवं होतं. चला जेवायला."

कडी निघाली नाही. नवऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात तिने ते सगळं पुन्हा एकदा म्हटलं.