अंडी की राजमा?

लेकीच्या लग्नाआधी कॅनडातल्या विनिपेगच्या लोर्नाला वजन उतरवायचं होतं. नवरा ड्वेन म्हणाला, "पाव, बटाटा बंद! माझ्यासारखं अंडी, मटण खा." बहीण ग्रेटा म्हणाली, "छे गं! रक्तातली साखर हळूहळू चढवणारं खा. राजमा, जव."

लोर्नाने आधी नवऱ्याचं ऐकलं. वजन भराभर उतरलं, पण बेकरीसमोर पाय अडखळायचे आणि ती ड्वेनवर उगाच खेकसायची. मग ती राजम्यावर आली. वजन सावकाश उतरलं, पण ती पुन्हा गाणी गुणगुणू लागली.

लग्नात जोडीने पोल्का नाच करता करता ड्वेनची सैल झालेली पँट सर्रकन घसरली. वऱ्हाड खिदळलं.

"बघ, माझंच डाएट जिंकलं!" पँट सावरत तो ओरडला.

"जिंकलास रे बाबा! पण धापा कोण टाकतंय?" म्हणत लोर्नाने त्याला पुन्हा गरगर फिरवलं.