इस्त्री झालेले शब्द

मी एक जुनी चार खणांची लाकडी पेटी आहे. पण मित्रांनो, मी नेमकी कशाची पेटी, हे मला अजून नीट कळलेले नाही.

सुताराने मला बटणांसाठी घडवले. कपडे शिवणाऱ्या एका बाईंनी मला आपल्या यंत्राशेजारी मांडले. बटणे, हूक, रंगीत रिळे असा माझा संसार होता. गिऱ्हाइके म्हणत, "पेटी सुरेख आहे हो!" मग मी फुगून जाई. दमट हवेत तर इतकी फुगे की खणच उघडत नसत.

पुढे त्यांची थोरली नणंद शाळेतून निवृत्त होऊन त्यांच्याकडे राहायला आली. तिने जन्मभर इंग्रजी शिकवले होते, म्हणून तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. ती शिवणाऱ्या बाईंना वहिनी म्हणे आणि वहिनी तिला वन्सं. मास्तरीणबाईंच्या सामानात चपलांची खोकी होती आणि खोक्यांत नुसत्या चिठ्ठ्या.

"वन्सं, वाळवी खाईल हो. ही माझी पेटी घ्या," वहिनी म्हणाल्या.

बटणे बरण्यांत गेली आणि माझ्यात शब्द आले.

एका चिठ्ठीवर एक रोजचा इंग्रजी शब्द आणि त्याखाली तो कुठून आला ते. मी चक्रावलेच. ब्रेकफास्ट म्हणजे उपास मोडणे, एवढे समजले. पण विंडो हा शब्द म्हणे उत्तरेकडच्या एका जुन्या भाषेतला 'वाऱ्याचा डोळा'! वाऱ्याला डोळा कशाला हवा? मसल, म्हणजे स्नायू, हा लॅटिनमध्ये 'छोटा उंदीर' होता. मला वाटले, मास्तरीणबाईंची झोप पुरी होत नसावी. पण ते खरे निघाले. उलट सिन्सियरची गोष्ट पाहा. मूर्तीच्या चिरा मेणाने बुजवणारे लबाड कारागीर असत, म्हणून लॅटिनमध्ये जो 'मेणाशिवाय', तो सच्चा, म्हणजे सिन्सियर. किती पटण्यासारखी! आणि जाणकारांना नेमकी हीच पटत नाही. खरे खोट्यासारखे दिसते आणि खोटे खऱ्यासारखे. लाकडाच्या डोक्याने करावे तरी काय?

बाईंची मात्र एक रीत होती. ज्या मुळाची खात्री नाही, त्या चिठ्ठीचा कोपरा त्या दुमडत. खात्री झाली की तो उलगडत. "शंका शाईने लिहू नये, ती कायमची होते," असे त्या म्हणत. हळूहळू मलाही स्पर्शाने कळू लागले. दुमडलेली चिठ्ठी खणात जरा जाड लागे.

चौदाशे चिठ्ठ्या झाल्या. छापखान्याच्या मालकांनी त्यांचे मुलांसाठी पुस्तक करायचे ठरवले. शाळा उघडण्याआधी ते बाजारात यायला हवे होते. बाईंची नजर वर्षागणिक मंदावत होती. हे त्यांचे पहिले पुस्तक होते, आणि शेवटचेही तेच असणार, हे त्या जाणून होत्या.

मालक चिठ्ठ्या न्यायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी बाई डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. वहिनींनी माझे खण ओढले आणि कपाळाला हात लावला. "अगंबाई, सगळे कोपरे चुरगळलेले! असं द्यायचं का पाहुण्यांच्या हातात?" ज्या बाईला बाहीवरची सुरकुती सहन होत नाही, तिला हे कसे सहन व्हावे? त्यांनी ओले फडके घेतले, इस्त्री तापवली आणि दिवसभर एकेक चिठ्ठी प्रेमाने सपाट केली. मलाही बरे वाटले. सगळ्या चिठ्ठ्या सारख्याच पातळ लागत होत्या. मूर्ख मी!

संध्याकाळी बाईंनी खणात हात घातला. बराच वेळ त्या कोपरे चाचपत राहिल्या.

"वहिनी, हे काय केलंत?"

"छान झालंय ना? कोपर दुखलं, पण एक सोडली नाही."

"माझ्या शंका पुसल्यात हो तुम्ही."

दुमडीचा अर्थ कळल्यावर वहिनी खुर्चीत बसल्या त्या उठेचनात. काही कोपऱ्यांवर पुसट रेघ उरली होती. पण ती दुमडीची की नुसत्या हाताळण्याची, कोण सांगणार?

"तुम्हाला आठवत असेल ना, वन्सं?"

"आठवलं असतं तर दुमडलं कशाला असतं?"

दुसऱ्या दिवशी मालक आले. सारे ऐकून हसले. "बाई, मुलांना काय कळतंय? गोष्ट गोड असली म्हणजे झालं. या हंगामात नाही, तर मग माझ्याच्याने व्हायचं नाही."

बाईंनी गठ्ठा बांधला आणि त्यांच्या हातात दिला. मालकांनी वरचीच चिठ्ठी मोठ्याने वाचली. ती सिन्सियरची होती. "वा! मेणाशिवाय! ही पहिल्या पानावर घेऊ. मुलं जन्मात विसरणार नाहीत."

"जन्मात विसरणार नाहीत," बाई हळूच म्हणाल्या आणि त्यांनी गठ्ठा परत घेतला.

"अहो, पुस्तक जाईल तुमचं!"

"जाऊ द्या."

ते पाय आपटत गेले. वहिनी रडत म्हणाल्या, "मी घालवलं तुमचं पुस्तक. वन्सं, शिवण चुकली तर मी उसवून परत घालते. हे उसवता नाही का येत?"

"येतं. पण डोळे कुठून आणू?"

"माझे घ्या की. कपड्यांवरच्या लेबलांची इंग्रजी अक्षरं ओळखते मी."

मित्रांनो, तेव्हापासून रोज दुपारी ग्रंथालयातले जाडे कोश उघडतात. वहिनी एकेक अक्षर सांगतात, बाई ऐकतात आणि पुन्हा ठरवतात. वहिनींच्या चुका झाल्या की बाई म्हणतात, "अहो, तो बी आहे, आठ नव्हे!" दोघी हसतात. आता दुसरा खण चालू आहे. चौथ्यापर्यंत दोघी पोहोचतील का, हे मला ठाऊक नाही. बाई हरल्या म्हणावे की जिंकल्या, तेही उमगत नाही.

माझ्यावरची धूळ कधी पुसली नाहीत तरी चालेल. पण कुणी फार गोड गोष्ट सांगितली, तर एकदा विचारा, "कशावरून?" परवा डॉग हा शब्द निघाला. कुत्रा दारोदार असतो, पण त्याच्या नावाचे मूळ कोणत्याच कोशाला सांगता येईना. वहिनींनी विचारले, "मग काय लिहू?"

बाई म्हणाल्या, "लिहा, माहीत नाही. आणि ठळक लिहा."