मधला धुरा

नवऱ्याचं नाव बाईनं घेऊ नये म्हणतात, पण राग आला की मी घेते. सोमाजी. अन् त्याचा लहान भाऊ तुलाराम. एका मायच्या पोटचे दोघं, अन् इलेक्शनपायी उन्हाळाभर एकमेकाचं तोंड नाही पाहिलं. आग लागो असल्या इलेक्शनले.

सत्त्याहत्तरची गोष्ट. अर्धं गाव गाय-वासरूच्या निशाणीवालं, अर्धं नांगरवालं. माहा नवरा गाय-वासरूचा, दीर नांगराचा. दिल्लीचं राज्य पलटलं, नांगरवाले आले, तर तुलारामनं आमच्याच दारासमोर फटाके फोडले. सोमाजीच्या नाकाले मिरच्या झोंबल्या. म्हणाला, याचं पाणी तोडतो. मले वाटलं, रागात बोलून राहिला.

दोन्ही घरं एकाच बांधीच्या, एकाच वावराच्या धानावर जगतात. बोडीचं, म्हणजे लहान तळ्याचं, पाणी वरच्या अंगानं बांधीत येते अन् खालपर्यंत जाते. रोवण्याच्या दिवशी तिथंही पार्टी घुसली. वरचा भाग सोमाजीचा, खालचा तुलारामचा. मी माह्या बाया घेऊन वरच्या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, रोवत यायचं, अन् माही जाऊ चंद्रकांता तिच्या बाया घेऊन खालच्या धुऱ्यापासून. कोण आधी मधात पोचते ते पाहायले दोघं भाऊ काठावर उभे. जशी कुस्तीच लागली होती, बाप्पा.

आता रोवणारी बाई वाकून मागं मागं सरकते, हे शेंबड्या पोरालेही ठाऊक आहे. या शहाण्यांच्या डोस्क्यात ते आलंच नाही. दुपारी बांधीच्या मधोमध माही पाठ चंद्रकांताच्या पाठीवर आदळली अन् आम्ही दोघी चिखलात बसलो. बाया हसल्या. तीही हसली, अन् म्हणाली, "लागलं का बाई?" कितीतरी दिवसांनी जाऊ माह्याशी बोलली होती. मले रडू यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात सोमाजी फावडं घेऊन उतरला. दोन्ही रांगांच्या मधात हातभर पट्टा कोरा राहिला होता. तिथंच तो धुरा घालायले निघाला. मधात धुरा पडला की पाणी वरच अडते, अन् खालचं धान लोंब्या निसवायच्या आधीच वाळते. तुलाराम काठावरून शिव्या देत होता, उतरत मात्र नव्हता.  चंद्रकांतानं आपल्या आत्ताच रोवलेल्या रोपांकडे पाहिलं. तिची लेकरं माह्या डोळ्यापुढं आली.

मग माहं डोस्कं फिरलं. दिल्लीवाले हार घालून घेऊन राहिले, अन् इथं सख्ख्या भावाच्या लेकराच्या तोंडचा घास तोडायचा? कोणत्या पार्टीवाल्यानं आमच्या बांधीत कधी पाय भरवला होता?

मी पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी सोडली, अर्धी चंद्रकांताच्या हातात कोंबली अन् म्हटलं, रोव. ती घाबरली. मी पहिलं रोप सोमाजीच्या पायाजवळच लावलं. मग तिनं लावलं. बाकीच्या बायाही वळल्या, कोण कोणाची ते कोणी विचारलं नाही. पाहता पाहता धुऱ्याची जागा रोवून झाली. मधात सोमाजी तेवढा उभा होता.

"मारा आता फावडं," मी म्हटलं. "लावलेल्या धानावर मारा. पाहू द्या गावाले."

कोणत्या कास्तकाराचा हात उठेल? त्याचाही नाही उठला. फावडं खांद्यावर टाकून, रोपं चुकवत चुकवत तो काठावर गेला.  मग भावाकडे न पाहताच म्हणाला, "तुलाराम, पाणी सोड."

तुलाराम मुकाट बोडीकडे गेला. पाणी वरून खालपर्यंत गेलं. गाव म्हणे, चला, भाऊ भाऊ एक झाले, चांगलं झालं. कायचं चांगलं? माहा राग जसाच्या तसाच होता. संध्याकाळी सोमाजी पाटावर येऊन बसला, तर मी त्याले भात वाढला नाही. म्हटलं, पार्टीनं धान रोवलं असंल, तिथं जा जेवायले.