बुजवलेली खिडकी

मी एक जुनी खिडकी आहे, मित्रांनो, आणि गप्प बसणे माझ्या लाकडातच नाही. मला चौकटीत बसवताना सुतार म्हणाला होता, "घे आता पोटभर वारा!" पण खोली मागच्या अंगाची, बाहेर अंधारी गल्ली. भाडेकरू आला की आधी माझी कडी लावायचा.

त्या वर्षांत शहरात क्षयाने थैमान घातले होते. रस्त्याकडच्या खोल्यांतली माणसे आजारी पडून उठत तरी; आमच्या मागच्या खोल्यांतली उठतच नसत. माझ्या खोलीतल्या शिंपिणीची थोरली लेक खोकत खोकत गेली. उरली धाकटी. शिंपिणीने असा धसका घेतला की रोग वाऱ्यातूनच येतो, असे तिच्या मनाने घेतले. चिंध्यांना तिच्याकडे काय तोटा! कात्रीच्या टोकाने तिने माझी एकेक फट ठासून बुजवली. मला साधे खडखडताही येईना. आणि आत धाकटी खोकू लागली.

घरोघर फिरणारी नर्सबाई आली. "अहो बाई, शहरात शंभरात जितकी मरतात त्याच्या दुप्पट माणसं या गल्लीत मरतात, आणि तुम्ही खिडकी चोंदून बसलात? उघडा आधी!"

"तुमचं काय जातंय बोलायला?" शिंपीण कडाडली. "एक गेली माझी. आता हिलाही घालवू?"

धाकटीला मात्र बाहुलीसाठी कपडे हवे होते. अंथरुणावरून हात लांबवून ती माझ्या फटीतल्या चिंध्या ओढायची. मशीनच्या घरघरीत आईला पत्ता नसे. एका दुपारी तिच्या हाती निळी बाही आली.

"आई, हा ताईचा फ्रॉक ना?"

मशीन थांबले. शेवटी चिंध्याही कमी पडल्या तेव्हा शिंपिणीनेच तो फाडून कोंबला होता. ती बाही नाकाशी धरून बसली.

"ती होती तेव्हाही खिडकी बंदच होती गं," ती म्हणाली. "तरी कुठे राहिली?"

कडी गंजली होती. तिने इस्त्रीने ठोकून ती काढली आणि मला सताड उघडले. धाकटी लगेच बरी झाली नाही. बरेच दिवस जीव टांगणीला होता. पण वाचली. पुढे माझ्यावर कोपर टेकून ती गल्लीतल्या पोरांना वेडावून दाखवायची. तेव्हा मला फार बरे वाटे.

आता नवे बिऱ्हाड आले आहे. माझ्यासमोर त्यांनी कपाट उभे केले आहे आणि कपाटापलीकडे एक बाळ खोकते आहे. मी सारखी खडखडते. घरधनी वैतागून म्हणाला, "फार वाजते ही. उद्या खिळेच ठोकतो."

मित्रांनो, तुमच्या शेजारी असे घर असेल तर उद्याची वाट पाहू नका. आजच जा आणि ते कपाट सरकवा.